उजेड कुंपणाच्या आत ठेवण्याचा धंदा

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'बाह्य प्रकाशयोजना सल्लागार' असं छापलेलं होतं. ते वाचून अकोल्याच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकानं मला विचारलं, "म्हंजे लायटिंगवाले न तुमी? वरातीतल्या गाडीची बी करता का?" मी म्हणालो, नाही, मी लोकांना दिवे कमी लावायला सांगतो. त्यानं कार्ड उलटं करून पाहिलं, मागं काही खुलासा आहे का म्हणून. मग म्हणाला, "अन् याचे पैसे देतेत लोक?"

देत होते. रडतखडत, पण देत होते. त्यामुळं संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. साऱ्या गावानं दिवे लावायचे ते चार दिवस आणि त्यात माझ्यासारख्यानं लिहायचं! पण त्यांनी फोनवर दोनदा आठवण करून दिली, आणि रिकाम्या माणसाला दोनदा आठवण पुरते.

मी मूळचा वायरिंगवाला. डिप्लोमा झाल्यावर अमरावतीत पंधरा-वीस वर्षं बंगले, दवाखाने, कापसाचे जिनिंग कारखाने यांची विजेची कामं केली. मग आमच्याकडे 'हरित इमारत' हा शब्द आला. लोकांना वाटायचं, भोवती झाडं लावली की इमारत हिरवी झाली. तसं नसतं. इमारतीनं पाणी किती वाचवलं, ऊन किती अडवलं, वीज किती खाल्ली, याचे गुण मिळतात. शाळेतल्यासारखे. गुण जमले की मानांकनाचं प्रमाणपत्र, आणि ते दारात लावायला पितळी पाटी. या गुणपत्रिकेत मागच्या पानावर एक छोटा विषय असायचा, बाहेरच्या दिव्यांचा. कोणी त्याचा अभ्यास करत नसे, म्हणून तो मी घेतला.

विषय सोपा आहे. अंगणातल्या, वाटेवरच्या, पार्किंगमधल्या दिव्याचा उजेड आभाळात जाऊ नये, शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ नये आणि काम संपलं की दिवा बंद व्हावा. बस. उजेड मोजायचं एक यंत्र येतं, लक्समीटर. मुठीत मावतं, त्याला एक पांढरी वाटी असते, ती दिव्याकडे धरायची. पौर्णिमेचं चांदणं त्यात पाव लक्सच्या आसपास भरतं. एवढ्याशा चांदण्यात आपण गच्चीवर पत्ते खेळलोय, हे लोकांना सांगितलं की ते यंत्राकडे संशयानं बघायचे.

अमरावतीचे एक डॉक्टर होते. त्यांनी बंगल्यापुढच्या बाटलीपामच्या सहा झाडांना खालून दिवे लावले होते, वर तोंड करून. समोर राहणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांनी बेडरूमच्या खिडकीला काळा कागद चिकटवला होता. मी डॉक्टरांना दिवे काढायला सांगितलं. "पण मग झाडं दिसतील कशी?" ते म्हणाले. मी म्हणालो, "सकाळी दिसतात, साहेब." महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर हेडमास्तरांनी त्यांच्याकडे आपली शुगर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा बोलायला लागले.

माझ्या बरोबर कायम कादरभाई असायचे. अकोल्याचे वायरमन, वयानं माझ्याहून मोठे, आणि कामात माझ्याहून कितीतरी. त्यांची परीक्षा अशी होती: सगळे दिवे लावायचे आणि सगळ्यांत उंच गच्चीवर चढायचं. "ऊपर से उजाला दिखना, दिया नहीं दिखना," असं ते म्हणायचे. वरून बल्ब डोळ्यांत आला तर तो उजेड आभाळात वाया चालला. मग ते खाली येऊन तेलाच्या पिप्याचा पत्रा कापायचे आणि दिव्याला टोपी करून घालायचे. बाजारात तयार मिळणारी टोपी महाग पडायची आणि कादरभाईंच्या टोपीइतकी बसायची नाही.

ते दिवस आमच्या भागाला बरे नव्हते. पेपरात विदर्भाचं नाव यायचं ते वाईट बातमीतच. खेड्यांत लोडशेडिंगनं अर्धा अर्धा दिवस लाइट नसायची. अशा वेळी मी जास्त उजेडाचे तोटे सांगत फिरत होतो. लोक हसायचे यात नवल नव्हतं. मलाच कधी कधी लाज वाटायची.

त्याच वर्षांत बडनेरा–मूर्तिजापूर रस्त्याच्या बाजूला एका संस्थेचं नवं कॉलेज उभं राहिलं. संस्थेचे सचिव नानासाहेब. पांढराशुभ्र सफारी, बोलणं गोड, आणि पितळी पाटीचा ध्यास. प्रवेशाच्या जाहिरातीत 'विदर्भातील हरित महाविद्यालय' असं छापून झालं होतं, आता तेवढं ते व्हायचं बाकी होतं. बाहेरच्या दिव्यांचं काम माझ्याकडे आलं. मी एप्रिलमध्ये जागा पाहिली, मे महिन्यात आराखडा दिला. पूर्वेच्या कुंपणाजवळ मैदानासाठी दोन उंच खांब होते. नानासाहेबांना त्यावर मोठे झोत हवे होते, रस्त्यावरून कॉलेज दिसावं म्हणून किंचित वर उचललेले. मी एरवी भांडलो असतो. पण आम्ही वापरायचो त्या तक्त्यात एक रकाना होता, 'शेजारी काय आहे'. तिथं घर असेल तर मर्यादा कडक, काहीच नसेल तर थोडी ढिली. मी कुंपणापलीकडे पाहिलं, काळी माती होती. मी लिहिलं, 'मोकळी जागा'. खाली सही केली. जुलैत कॉलेज सुरू झालं आणि झोत लागले, दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत. लाइट गेली की जनरेटर.

सप्टेंबरात नानासाहेबांच्या ऑफिसातून फोन आला. एक बाई दोन दिवसांपासून येऊन बसते आहे, तुमच्या दिव्यांनी माझं पीक बिघडवलं म्हणते, जरा शास्त्रीय भाषेत समजावून घालवा.

मी कादरभाईंना घेऊन गेलो. ऑफिसच्या पायरीवर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. नऊवारी, पायात रबरी चपला, मांडीवर सोयाबीनच्या दोन उपटलेल्या झाडांची जुडी. विमलबाई. कुंपणाला लागून त्यांचं सहा एकर वावर होतं. नवरा संधिवातानं घरी, शेती बाईच पाहायच्या, आणि साधी शेती नाही, बियाण्याचा प्लॉट. म्हणजे एका कंपनीसाठी त्या सोयाबीनचं बियाणं पिकवायच्या. शिवाय गावातली निम्मी घरं पेरणीचं बियाणं दरसाल त्यांच्याकडूनच न्यायची. बियाण्याच्या शेतात दुसऱ्या जातीचं एक झाड चालत नाही. तपासायला माणूस येतो, त्यानं पास केलं तरच ते बियाणं.

तपासणारा येऊन गेला होता. सगळं वावर पिवळं पडलं होतं, पानं गळायला लागली होती, आणि कुंपणाकडचा भाग हिरवागार, छातीइतका वाढलेला, शेंगा नावालाच. त्यानं जागेवरच सांगितलं, बाई, बियाणं कमी पडलं म्हणून धुऱ्याकडं, बांधालगत, दुसरीच थैली पेरली तुम्ही. भेसळ आहे. आठ दिवसांनी पुन्हा येतो, तोवर खुलासा द्या, नाहीतर सगळा प्लॉट रद्द.

"भेसळ म्हने!" विमलबाईंनी जुडी पायरीवर आपटली. "चार जनाइच्या देखत म्हने. प्लॉट गेला तं गेला, आनखी पिकवीन मी. पन उद्या माह्या दारात बियान्याले कोन येईन? लेकरागत राखलं मी ते नाव."

मी माझ्या शास्त्रीय भाषेत सुरुवात केली. "बाई, उजेडानं पीक बिघडत नसतं. उजेडावरच तर झाड वाढतं."

"तेच तं म्हनून राह्यली मी! वाढूनच राह्यलं ते. शेंग काहून धरून नाही राह्यलं?"

मी जुडीतलं एक झाड उचलून शेंगा शोधू लागलो. कादरभाई मिशीत हसत होते, ते मला दिसलं.

कादरभाई म्हणाले, चला, टाकीवरून बघू. कॉलेजच्या पाण्याच्या टाकीवर आम्ही दोघं चढलो, आणि आमच्या मागोमाग, नको नको म्हणत असताना, विमलबाईही चढल्या. वरून वावर हळदीच्या रंगाचं दिसत होतं. आणि कुंपणापासून आत दोन हिरवे पंखे पसरले होते, एकेका खांबाच्या समोर एकेक. कडा अगदी गोल.

"राऊतसाब," कादरभाई हळूच म्हणाले, "ये तो अपना नक्शा है."

होताच तो. उजेड किती लांब पोचेल हे दाखवायला आम्ही आराखड्यावर वाकड्या रेषा काढतो, त्या मी मे महिन्यात कॉम्प्युटरवर काढल्या होत्या. त्याच रेषा सोयाबीननं जमिनीवर काढून ठेवल्या होत्या, माझ्यापेक्षा स्वच्छ.

विमलबाई खाली बघत म्हणाल्या, "आता तुमीच सांगा. म्या दुसरी थैली पेरली असती तं पेरनीच्या तासाच्या सरळ रेघेत दिसली असती न? तिफन काय गोल गोल फिरते?"

संध्याकाळी मी शेतीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका वर्गमित्राला फोन केला. तो म्हणाला, अरे, सोयाबीन रात्र मोजतं. रात्र मोठी व्हायला लागली की त्याला कळतं, पावसाळा सरला, आता फुलायचं. तुझ्या दिव्याखाली रात्रच झाली नाही तर ते बिचारं वाढत बसणार. त्याला दोन-चार लक्ससुद्धा पुरतात. मी शेतकऱ्याचा मुलगा. बाप दर्यापूरकडे आयुष्यभर काळी माती कसत होता. आणि मी नांगरून ठेवलेल्या वावराला 'मोकळी जागा' लिहून मोकळा झालो होतो. उन्हाळ्यात वऱ्हाडातलं कुठलं वावर भरलेलं असतं? मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागवला. म्हणाले, "राऊत, पंधरा दिवसांनी मानांकनवाले येतायत. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की उजेड मर्यादेत आहे. बाईचं आपण नंतर बघू. आणि हो, पुढच्या वर्षी होस्टेलची इमारत आहे, तिचे दिवेही तुमचेच."

इथं मला फुशारकी मारता आली असती, की मी ताडकन उठलो. उठलो नाही. चहा प्यालो, विचार करतो म्हणालो आणि दोन दिवस गप्प बसलो. चूक कबूल केली तर आराखडा खोटा ठरतो, आणि ज्याचा आराखडा खोटा त्याला अमरावतीत दुसरं काम कोण देणार? त्या दोन दिवसांचं मला आजही वाईट वाटतं, कारण विमलबाईंकडे होते आठ दिवस आणि त्यातले दोन मी खाल्ले.

तिसऱ्या दिवशी कादरभाई घरी आले. रमजान चालू होता, म्हणून चहा विचारायचीही सोय नाही. ते बसलेही नाहीत. "साब, मैं आज पत्रा काटने जा रहा हूँ. टोपी तो लगानीच पडेगी. आप आते क्या?" एवढंच. मी चप्पल घातली.

दिवे झाकणं सोपं होतं. अवघड होतं ते तपासणाऱ्याला पटवणं. विमलबाईंनी त्याला फोन करून टाकीवर चढून बघायला सांगितलं होतं. तो म्हणाला, मला उंचीवर चक्कर येते, जे काय दाखवायचं ते जमिनीवर दाखवा. आता जमिनीवर उजेड कसा दाखवायचा? त्यावर कादरभाईंनी तोड काढली. टोप्या एक दिवस उशिरा घालू. आधी झोत होते तसेच लावू, यंत्र घेऊन वावरात चालू, आणि जिथं उजेड संपतो तिथं फक्की मारत जाऊ. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती पांढरी भुकटी.

दिवस मावळायच्या बेताला आम्ही धुऱ्यावर जाऊन बसलो. विमलबाईंनी फडक्यात केळी आणि गूळ-शेंगदाणे आणले होते. सूर्य गेला, लांबून गावातल्या मशिदीची अजान ऐकू आली. विमलबाईंनी आधी कादरभाईंपुढे केळं धरलं, म्हणाल्या, "सोडा भाऊ रोजा. मंग कामाले लागा." कादरभाईंनी रोजा सोडला, धुऱ्यावरच नमाज पढली, आणि हात झटकत उठले. "अब होने दो अंधेरा."

अंधार पडला आणि झोत लागले. मी पुढं यंत्र धरून, मागं विमलबाई फक्कीची टोपली घेऊन, त्यांच्या मागं कादरभाई टॉर्च विझवून. काटा दोन लक्सच्या खाली आला की मी 'हं' म्हणायचो, की पडली फक्कीची मूठ. झोताच्या उजेडात किडे इतके, की मी 'हं' म्हणायला तोंड उघडलं तर दोन आत. त्यातच लाइट गेली. सगळं गाव काळं झालं, आणि मिनिटभरात कॉलेजचा जनरेटर धडधडून आमचे दोन झोत पुन्हा पेटले. विमलबाई टोपली टेकवून तिकडं बघत राहिल्या. "घरात चिमनी लावून सयपाक करतो आमी," त्या म्हणाल्या, "अन् अठी सोयाबीनले झोप नाही." रागानं नाही, चक्क हसत म्हणाल्या. मलाही हसू आलं आणि आणखी एक किडा गेला.

सकाळी पाहिलं तर फक्कीची रेघ हिरव्या पंख्यांच्या कडेकडेनं बसली होती. कुठं हातभर आत, कुठं हातभर बाहेर, बाकी तंतोतंत. त्या दिवशी कादरभाईंनी दोन्ही झोतांना टोप्या घातल्या आणि त्यांच्या माना खाली केल्या. मैदानावर उजेड होता तेवढाच राहिला, नव्हे, थोडा वाढलाच, कारण आता तो बाहेर पळत नव्हता.

नानासाहेबांचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. मी त्यांना दुरुस्त आराखडा आणि चुकीची कबुली असं दोन्ही नेऊन दिलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठेवा." मानांकनवाले आले, टोप्या त्यांना फार आवडल्या, त्यांनी फोटो काढले. पाटी मिळाली. समारंभात नानासाहेबांनी 'शेजारच्या पिकाचीही काळजी घेणारा आमचा प्रकाश' यावर दहा मिनिटं भाषण केलं आणि हार घालून घेतला. होस्टेलचं काम मला मिळालं नाही. कादरभाईंना मिळालं, आणि मला ते जास्त बरं वाटलं.

पण खरी गोष्ट आठव्या दिवशीची. तपासणारा मोटारसायकलवर आला. तिशीतला, घामाघूम, बिचारा सज्जन माणूस. फक्कीच्या रेघेवरून तो दोनदा चालला. वाकून तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, पाहिली. एकच तास हिरव्यातून पिवळ्यात सरळ जात होतं, मधे तुटलं नव्हतं. त्यानं दोन्हीकडची झाडं उपटून खोडावरची लव पाहिली, शेंगा सोलून दाण्याचा डोळा पाहिला. एकच जात. मग फायलीतला फॉर्म काढून डोकं खाजवत म्हणाला, "पण यात उजेडाचा रकाना नाही हो. रोग आहे, कीड आहे, पाऊस आहे. दिवा म्हणून कुठं लिहू? कोणी जबाबदारी घेऊन लेखी दिलं तर लावता येईल."

मी ते रात्रीच लिहून आणलं होतं. त्यानं वाचलं, फॉर्मला टाचणीनं जोडलं आणि शेरा लिहिला. हिरवा भाग वेगळा कापून काढावा, बाकी प्लॉट पास. सही केली, कागद विमलबाईंच्या हातात दिला आणि गाडीला किक मारायला निघाला.

विमलबाईंनी गाडीचं हँडल धरलं.

"भाऊ, त्या दिशी भेसळ म्हनले तवा चार जनाइच्या देखत म्हनले. आता हे बी चार जनाइच्या देखत वाचा."

त्यानं किकवरचा पाय काढला. बाईंनी धुऱ्यावरून हाक मारली. शेजारच्या वावरातले सोंगणीचे, म्हणजे कापणीचे, लोक आले, रस्त्यानं बैलगाडी चालली होती ती थांबली, रस्त्याकडेच्या पारावरचे दोन म्हातारे काठी टेकत आले. दहा-बारा माणसं झाली. त्या पोरगेल्या साहेबानं घसा साफ केला आणि शाळेत उभं केल्यासारखा शेरा वाचला. 'भेसळ आढळली नाही.' तिथं विमलबाई म्हणाल्या, "हे आनखी येक डाव." त्यानं पुन्हा वाचलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचा बी कागद वाचा, साहेब."

मी वाचला. 'पूर्वेस पेरणीचे शेत आहे. मी तेथे मोकळी जागा असे लिहिले. ही चूक माझी आहे. बियाण्यात दोष नाही.' चार ओळी होत्या. एवढ्या वर्षांच्या कामात एवढ्या लोकांपुढं मी कधी काही वाचलं नव्हतं.

काठीवाले एक म्हातारे हिरव्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे सोयाबीनले बी झोप लागते म्हना." लोक हसले. विमलबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं, लपवलं नाही.

बैलगाडीवाला खाली उतरला नव्हता. तो वरूनच म्हणाला, "काकू, मंग येत्या पेरनीले माह्या दोन थैल्या धरजा."

"धरल्या," विमलबाई म्हणाल्या. आवाज एकदम नेहमीचा झाला होता. "अन् तुह्या भावाची?"

"त्याची बी येक."

मग सोंगणीवाल्यांतून एकानं एक सांगितली, एका म्हाताऱ्यानं जावयासाठी दोन. बाई बोटं दुमडत मोजत होत्या आणि नाव पुन्हा पुन्हा म्हणून घेत होत्या. कादरभाईंनी मला कोपर मारलं. मीही पुढं होऊन म्हणालो, माझी एक.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ वावर नाही, बापाचं होतं ते आम्ही भावांनी कधीच विकलं, हे धुऱ्यावर बसलो असताना मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांना ते आठवत होतं, हे मला दिसलं.

"राऊत साहेबाची येक," विमलबाई म्हणाल्या, आणि आणखी एक बोट दुमडलं.